अक्षरस्वारीची तयारी आणि नारोपंतांचे बंद दार

श्री नादब्रह्म प्रसन्न. आकाश जिचे अंगण आणि शब्द जिचे लेकरू, त्या वाग्देवीस दंडवत घालोन, ज्याचे नाव सांगण्याजोगे नाही ऐसा एक सेवक, डोळ्यांनी पाहिले आणि विश्वासू मुखांतून ऐकिले तितकेच लिहितो; पदरचे मीठ घालीत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, पौषमास सरत आला असता डोंगरावरील राज्यात अक्षरस्वारीची तयारी मांडिली, आणि त्या समयी एका बंद दारापायी सारे राज्य कसे संशयात पडले, त्याची हकिकत येणेप्रमाणे.

अक्षरस्वारी म्हणजे तलवारीची स्वारी नव्हे. पृथ्वीवर ठिकठिकाणी हौशी रेडिओवाले आहेत, त्यांचा वर्षातून एकदा माघमासी सामना होतो आणि तो एक अहोरात्र चालतो. आपल्या यंत्रापुढे बसावे, कळा दाबून अक्षरे लिहावी, ती अक्षरे यंत्र शिट्ट्यांसारख्या नादात गुंफून आकाशात सोडते, आणि सातासमुद्रांपलीकडे दुसऱ्याचे यंत्र तो नाद धरोन पुन्हा अक्षरे करून पडद्यावर मांडते. मग दोघांनी एकमेकांस आपले नाव आणि अनुक्रमांक द्यावा, राम राम करावा आणि पुढचा माणूस गाठावा. ज्याच्या भेटी जास्त आणि लांबच्या, त्याचा झेंडा उंच. मुलूख मिळत नाही, खजिना मिळत नाही. परंतु अब्रू मिळते, आणि गेली तर तीच जाते. नियम एक फार कडक: यंत्रापुढे माणूस बसलेला असावा. हल्ली यंत्रे शहाणी जाहली, माणूस उठून गेला तरी आपली आपण हाका मारितात आणि जबाबही देतात. ऐसे कोणी केले आणि उघडकीस आले, तर त्या राज्याचे नाव खोडावे आणि चहूकडे डांगोरा पिटावा, ऐसा पंचांचा ठराव होता.

आता या राज्याचे महाराज शूर आणि उदार, परंतु स्वभावे संशयी. पाणी आणणाऱ्याने आधी घोट घ्यावा, मग महाराजांनी प्यावे. विडा करून आणिला तर तो उलगडून पाहावा, पुन्हा गुंडाळावा आणि मग तोंडात घालावा. त्यात गेल्या साली ऐसे जाहले की सामना ऐन रंगात असता महाराजांनी एरियलचे तोंड पूर्वेस फिरविले, आणि त्याच क्षणी नदीपारच्या राज्याचा दांडगा नाद अगदी शेजारी येऊन बसला आणि आमची अक्षरे त्याखाली चिरडली गेली. नदीपारचे जिंकले. महाराज म्हणाले, "आम्ही पूर्वेस फिरणार हे त्यांस कोणी सांगितले? घरात फितूर आहे." कोणी म्हणाले की पूर्वेस तर त्या वेळी सगळेच फिरतात, तर महाराजांनी त्याच मनुष्यावर नजर ठेविली. म्हणोन यंदाची तयारी सारी संशयाच्या उजेडात चालली. एरियलची काठी उभी करावयाची तर दोर कोणी वळिला आणि कोणाच्या सांगण्यावरून वळिला याची चौकशी जाहली. बुरुजापर्यंत नवी केबल टाकिली, तिच्या सांध्यासांध्यावर लाख ओतून मोहोर केली. भिंतीवरील घड्याळ आकाशातल्या उपग्रहापासून वेळ घेते ऐसे कळले, तेव्हा महाराज म्हणाले, "उपग्रह कोणाचा? त्याने मुद्दाम मागची वेळ सांगितली तर?" आणि मग घड्याळावर देखरेख करावयास एक जोशी नेमिला, तो बापडा अंगणात काठी रोवून सावली मोजीत बसे.

ऐशात महाराजांनी दरबार भरवून तबकात विडा ठेविला आणि आज्ञा केली की अक्षरस्वारीत यंत्रापुढे जो बसेल त्याने हा उचलावा. सर्वांस वाटले, सिदोजी उचलणार. हा सिदोजी राज्याचा तरुण सरदार, चाळिशीच्या आतला, बोटे ऐसी चपळ की कळांवर पाऊस पडावा, आणि यंत्रापुढच्या गादीची आस त्याने कधी लपविली नव्हती. तो उठावयास गुडघा टेकतो न टेकतो तोच नारो अनंत उठले आणि विडा उचलून मस्तकी लाविला. दरबार थक्क जाहला. कारण नारोपंत म्हणजे राज्यातले सर्वांत वृद्ध रेडिओवाले; मोर्सची, म्हणजे जुन्या तारेच्या बोलीची, कडकट्ट ऐकावयास त्यांच्यासारखा कान चहूंकडे नव्हता. महाराजांस लहानपणी मोर्स त्यांनीच शिकविला. लोक त्यांस "राज्याचे कान" म्हणत. दूर देशीचा माणूस नुसती खट्खट् करू लागला तरी पंत सांगत, अमका बोलतो आहे, आज त्यास पडसे आहे आणि घरी भांडून आला आहे. आणि हेच पंत आजवर अक्षरे धाडण्याच्या या नव्या अक्षरबोलीस नाक मुरडीत आले होते. म्हणत, "ज्या बोलीत माणसाचा हात ओळखू येत नाही, ती बोली कसली? ती पावती." ऐसा मनुष्य एकाएकी अक्षरांच्या गादीवर का बसू पाहतो? महाराजांनी वस्त्रे दिली, नारळ दिला, परंतु मनात गाठ बसली.

मग पंतांनी अर्ज केला की मला पूर्वेकडचा टोकाचा बुरूज द्यावा, तेथे एकट्याने सराव करीन, दार आतून लावीन, कोणी येऊ नये. आणि दुसऱ्याच दिवशी बुरुजातला आवाज ऐकावयाचा कर्णा काढून कोठीत परत धाडिला, हेडफोनही परत धाडिले. कोठीवाला बोलिला, "पंत, कर्णा नाही, हेडफोन नाही, मग ऐकणार काय?" तर पंत त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहात राहिले आणि म्हणाले, "अक्षरबोलीत नाद पडद्यावर दिसतो. धबधब्यासारख्या रेघा उतरतात, त्यांत जी रेघ हवी तिजवर बोट ठेवावे. डोळे लागतात, कान लागत नाहीत." बोलणे खरे होते. परंतु सिदोजी महाराजांस म्हणाला, "हलवायाने साखर परत धाडावी तैसे हे जाहले." तेव्हा महाराजांनी त्यास एकांती नेऊन आज्ञा केली की पंतांवर नजर ठेवावी आणि जे दिसेल ते जसेच्या तसे कळवावे.

सिदोजीस दिसले ते सारेच वाकडे दिसले. वाटेत पाठीमागून मुजरा घातला तर पंत वळून पाहात नाहीत, तोऱ्यात निघून जातात. चारचौघे बोलत असता ज्याचे त्याचे ओठ न्याहाळितात, जैसे कोणाचे गुपित बाहेर पडते काय ते टिपून घेत आहेत. काही विचारिले तर मान हलवितात, आणि पुष्कळदा जेथे नाही म्हणावयाचे तेथे होय म्हणतात. पूर्वी दरबारात गोष्टी सांगून हसविणारा मनुष्य आता कोपऱ्यात बसतो आणि सर्व हसले की मग हसतो. हे सारे सिदोजीने कळविले, आणि महाराजांनी एके दिवशी भर दरबारात, थट्टेचा आव आणोन, आपल्या झुपकेदार मिशांआडून विचारिले, "काय नारोपंत, लोक म्हणतात तुम्ही नदीपारच्यांस मिळालात. खरे काय?" आणि पंत उठले, हात जोडिले, हसले आणि म्हणाले, "होय महाराज. सर्व आपल्याच कृपेने."

दरबारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. पंत पुन्हा खाली बसले आणि उपरणे सारखे करू लागले. मागाहून सिदोजी म्हणाला, "सरकार, भर दरबारी कबूल करितो आणि वर हसतो!" महाराज म्हणाले, "तेच मला कळत नाही. जो कबूल करोन हसतो, तो एक तर निर्दोष, नाहीतर फारच मुरलेला." आणि त्या दिवसापासून महाराजांस अन्न गोड लागेना.

इकडे सराव सुरू जाहला, आणि सरावात पंतांच्या भेटी ऐशा होऊ लागल्या की मुंग्यांची रांग. दुपारची जेवणे झाली की बुरुजावरील यंत्र बोलू लागे आणि खाली पहाऱ्याच्या खोलीत दुसरे यंत्र होते त्याच्या पडद्यावर सर्वांस दिसे: हाक, जबाब, नाव, क्रमांक, राम राम, हाक, जबाब, नाव, क्रमांक, राम राम. कोठे अडखळणे नाही, कोठे चूक नाही. लोक वाहवा करू लागले. सिदोजी मात्र म्हणाला, "म्हातारी बोटे इतकी चालत नाहीत." आणि बुरुजावर चढून दारापाशी गेला, आणि हाक मारिली, "पंत! दार उघडा, हुजूरचा निरोप आहे!" आतून उत्तर नाही. मूठ आपटिली. उत्तर नाही. तेव्हा दोन्ही हातांनी बडविले, नावाने ओरडला, शेवटी रागाने शिवीही दिली. आतून ओ नाही, चूं नाही. मग जिना उतरोन धावत पहाऱ्याच्या खोलीत गेला आणि पाहतो तो पडद्यावर भेटी तैशाच चालल्या आहेत, जैसे काही झालेच नाही. खोली रिकामी आहे, यंत्र आपले आपण बोलते आहे, आणि म्हातारा चोरदिंडीने नदीकडे गेला आहे, ऐसा त्याचा निश्चय जाहला.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यातच उभा राहिला. तेव्हा पंतांची बायको भवानबाई डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन वर आली. सिदोजी आडवा जाहला आणि म्हणाला, "बाई, आत कोण आहे?"

भवानबाई म्हणाली, "माझ्या कपाळी कुंकू आहे तोवर आत कोण असेल ते मी सांगायला नको."

"मग हाक मारा. माझ्यासमोर मारा."

"जेवणाला कसे बोलवायचे ते माझे मी बघते, सिदोजीराव. तुम्ही काय, ताटावरही पहारा ठेवणार?"

आणि तिने हाक मारिली नाही. दाराच्या फटीतून एक बारीक दोरी बाहेर आली होती, ती सिदोजीस आजवर दिसली नव्हती. बाईने वाकून ती दोरी एकदा ओढिली, थांबली, पुन्हा दोनदा ओढिली. अंमळशाने कडी निघाली, दार हाताएवढे उघडले, पाटी आत गेली आणि दार बंद जाहले. आत कोणाचा हात होता तो सिदोजीस अंधारात दिसला नाही. त्याने खाली येऊन महाराजांस सांगितले, "सरकार, दोरीने इशारे चालतात. बायकोही कटात आहे. आत कोणी भाडोत्री मनुष्य बसविला असेल, नाहीतर यंत्रच. आणि सामन्यात हे उघडकीस आले तर पंच आपले नाव खोडतील. नदीपारच्यांस तेच हवे. दार फोडावयाची आज्ञा व्हावी आणि गादी मजकडे द्यावी."

पंतांवर संशय होता, परंतु महाराजांचा संशय एकावर थांबेल ऐसा नव्हता. मनात म्हणाले, सिदोजी खोटे बोलत नसेल, परंतु ज्यास गादी हवी त्याच्या डोळ्यांस ती रिकामीच दिसते. दार फोडिले आणि पंत आत निघाले, तर माझ्या गुरूच्या दारावर मी कुऱ्हाड चालविली ऐसे होईल. न फोडिले आणि खोली रिकामी निघाली, तर राज्याची अब्रू गेली. तेव्हा आपणच परीक्षा पाहावी, मध्ये कोणी नको. आणि सिदोजीस सांगितले, "उद्या दुपारचा तास पडला की बुरुजाचे दार बडवावयास लागा. मी निरोप धाडीपर्यंत हात थांबवू नका." सिदोजीने "आज्ञा" म्हणोन मुजरा केला, परंतु कशासाठी ते त्यास सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज आपल्या महालात लहान यंत्र मांडून बसले, दार लाविले, खिडकी उघडी ठेविली, आणि परदेशीचे एक खोटे नाव धारण करोन बुरुजास हाक दिली. क्षणात जबाब आला: नाव घेतले, क्रमांक घ्या, राम राम. जैसा यंत्राने द्यावा तैसाच. मग महाराजांनी विचार केला की यंत्रास नेहमीच्याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते, तर नेहमीचा नव्हे ऐसे काही विचारावे, आणि लिहिले, "आज जेवणात काय होते?"

पडदा कोरा राहिला. बाकीच्या रेघा उतरत होत्या, त्या तेवढ्या उतरत राहिल्या. आणि मग अक्षरे आली: "कुळथाचे पिठले, भाकरी. हा सामन्याचा प्रश्न नव्हे. आपण कोण?"

महाराज खुर्चीत मागे टेकिले. आत माणूस होता. आणि कुळथाच्या पिठल्यावर जीव टाकणारा माणूस राज्यात कोण ते महाराजांस लहानपणापासून ठाऊक होते. तोच तास पडला आणि सिदोजीने दार बडवावयास आरंभ केला. तो आवाज अंगण ओलांडून महालात ऐसा आला की बुरुजावरचे पारवे उडाले, कुत्री भुंकू लागली, मुदपाकखान्यातला आचारी पळी हातात धरोन बाहेर आला. महाराजांनी लिहिले, "पंत, तुमच्या दारावर कोणी आहे. ऐका."

उत्तर आले: "नाही. दारावर कोणी नाही. येथे शांत आहे."

महाराजांस प्रथम संताप आला. म्हणाले, माझ्या कानांदेखत खोटे बोलतो! आणि मग बडविण्याचा आवाज ऐकत, पडद्यावरची ती अक्षरे पुन्हा वाचली, आणि पुन्हा वाचली. खोटे बोलणारा ऐसे खोटे बोलत नाही. खोटे बोलणारा म्हणेल, असेल कोणी, मी कामात आहे. येथे शांत आहे ऐसे तोच लिहील ज्यास खरोखर शांत आहे. आणि तेव्हा मागच्या साऱ्या गोष्टी, वळून न पाहणे, ओठ न्याहाळणे, कर्णा परत धाडणे, दोरी, एकामागून एक महाराजांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे हात कळांवरच थांबले. मग लिहिले, "पंत, मी महाराज. सिदोजी केव्हापासून तुमचे दार बडवितो आहे. मला महालात ऐकू येते."

महाराज पडद्यावर डोळे लावून बसले. आणि मग एकेक अक्षर उमटू लागले: "मग आपणांस समजले."

महाराजांनी लिहिले, "केव्हापासून?"

"भाद्रपदात ताप आला त्यापासून. आधी पाखरे गेली. मग मोर्स गेला. शेवटी घरातला आवाज."

"मला का सांगितले नाही?"

"लोक मला राज्याचे कान म्हणतात. कान गेले म्हटल्यावर मी राज्याचा कोण? म्हणोन अक्षरे धरिली. येथे कोणास कळत नाही. महाराज, मी पूर्वी या बोलीस नावे ठेविली. आता हिच्याशिवाय माझ्याशी कोणी बोलत नाही."

महाराजांचे डोळे भरोन आले, तरी संशय सुटला नव्हता, म्हणोन लिहिले, "दरबारात मी विचारिले, फितूर जाहलात काय, तर तुम्ही होय म्हणालात."

"आपण काय विचारिले ते मला आजवर ठाऊक नाही. इतरांचे ओठ वाचितो. आपल्या मिशा ओठांवर येतात. मला वाटले, प्रकृती बरी आहे ना ऐसे विचारिले."

महाराज मोठ्याने हसले आणि हसता हसता उपरण्याने तोंड झाकिले, आणि बाहेरच्या हुजऱ्याने सांगितले की आत हसू होते की रडू ते कळले नाही. मग महाराज अनवाणीच अंगण ओलांडून बुरुजावर चढले. सिदोजी घामाघूम होऊन बडवितच होता, मुठी सुजल्या होत्या. महाराजांनी त्याचा हात धरिला, खाली केला, आणि दोरी एकदा ओढून थांबले, पुन्हा दोनदा ओढिली, जैसे सिदोजीने सांगितले होते तैसे. दार उघडले. पंत उभे होते, दोरीचे दुसरे टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्यास बांधिलेले होते. ते पाहून सिदोजीने मान खाली घातली.

तोवर आवाज ऐकून भवानबाई धापा टाकीत वर आली आणि महाराजांपुढे पदर पसरोन म्हणाली, "महाराज, शिक्षा करायची तर मला करा. लपवायला मीच लावले. ते म्हणत होते, जाऊन सांगतो. मी म्हटले, सांगितलेत तर उद्यापासून ओसरीवर बसून राहाल. मला ते बघवले नसते."

महाराज म्हणाले, "बाई, तुम्ही नवऱ्याची अब्रू झाकिली. मी गुरूवर हेर घातले. शिक्षा कोणास करावी ते मला कळत नाही."

तेव्हा सिदोजी हात जोडून बोलिला, आणि त्याचे बोलणे ऐकून कोणास वाटेल की अजूनही गादीची आस आहे, परंतु त्याचा स्वर पूर्वीचा नव्हता. "सरकार, माझे चुकले ते चुकले. परंतु थोरल्या महाराजांचा नियम आहे की ज्यास ऐकू येत नाही त्याने यंत्रापुढे बसू नये. तो मोडावा कसा?"

महाराजांनी विचारिले, "नियम कशासाठी केला?"

"यंत्रात ठिणगी तडतडली, वर वीज कडाडली, कोणी ओरडून सावध केले, तर कळावे म्हणोन."

"म्हणजे खोलीत कान असावे. कोणाचे असावे ऐसे लिहिले आहे काय?"

सिदोजी विचार करोन म्हणाला, "नाही सरकार."

"मग तुमचे कान धड आहेत, ते पंतांच्या शेजारी बसवा. कळांस हात लावावयाचा नाही. गादी एकाची आहे. फक्त ऐकावयाचे, आणि तसे काही ऐकिले तर खांद्यावर हात ठेवावयाचा."

सिदोजीचा चेहरा क्षणभर पडला, आणि मग त्याने वाकून पंतांच्या पायांस हात लाविला, आणि उठून, पंतांच्या समोर तोंड करोन, सावकाश म्हणाला, "पंत, दाराबाहेर मी एक शिवीही दिली होती." पंतांनी ओठांवरून ते वाचिले आणि म्हणाले, "कोणती?" आणि सिदोजीने सांगितली. भवानबाईने कानांवर हात ठेविले, आणि पंत कित्येक महिन्यांनी आपणहून, कोणी हसण्याची वाट न पाहता, हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी न्हाव्यास बोलाविले आणि वाडवडिलांपासून चालत आलेली झुपकेदार मिशी ओठांवरून साफ उतरविली. न्हाव्याचा हात कापत होता, तर महाराज म्हणाले, "हात का कापतो? कोणी काही शिकविले आहे काय?" ऐसा स्वभाव. आज्ञा जाहली की जो पंतांशी बोलेल त्याने समोर यावे, तोंडापुढे हात धरू नये, विडा चघळीत बोलू नये. राज्यात पुष्कळांनी मिशा कातरल्या. ही बातमी नदीपार गेली, तर तेथले राजे बुचकळ्यात पडले. कोणी म्हणे सुतक आहे, कोणी म्हणे गुप्त शपथ घेतली आहे, आणि त्यांनी आपल्या राज्यात पहारे दुप्पट केले.

मग माघमासी सामना उभा राहिला. पंत गादीवर बसले, शेजारी सिदोजी हात मांडीखाली दाबून बसला, दारात महाराज. पहिल्याच प्रहरी केबलच्या एका सांध्यात, जेथे मोहोर करिताना लाख आत शिरली होती, तेथे बारीक तडतड होऊ लागली. सिदोजीने पंतांच्या खांद्यावर हात ठेविला, पंत थांबले, सांधा पुसून नवा केला आणि पुन्हा चालू जाहले. महाराज काही बोलिले नाहीत, कारण मोहोर त्यांच्याच आज्ञेची होती. रात्र गेली, सकाळ गेली, पंतांच्या बोटांस गोळे आले, भवानबाईने बोटे कढत पाण्याने शेकिली आणि ते पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी सामना संपावयास थोडाच अवकाश राहिला, तेव्हा नदीपारच्या राज्याशी गाठ पडली. नाव घेतले, क्रमांक घेतला, आणि राम रामाच्या जागी तिकडून अक्षरे आली: "काल दुपारपासून पाहतो आहे. इतका वेळ इतका नेमका माणूस चालत नाही. तुमच्याकडे कोण बसले आहे? की यंत्र सोडून सगळे झोपलात?"

सारे आकाश ते वाचीत होते, कारण या बोलीत एकाने लिहिलेले सर्वांस दिसते. महाराजांच्या मस्तकात तिडीक गेली. पंतांच्या समोर येऊन म्हणाले, "लिहा, की तुमच्या बापास विचारा." सिदोजी म्हणाला, "उत्तरच देऊ नका पंत, वेळ जातो." पंतांनी दोघांचे ओठ वाचिले, आणि मान हलविली, ती होय म्हणोन की नाही म्हणोन ते कळले नाही. मग कळांवर बोटे ठेविली आणि सावकाश लिहिले:

"नारो अनंत. वृद्ध आहे. बहिरा आहे. यंत्रापुढे स्वतः बसलो आहे. आपला पुढचा प्रश्न असेल तर लवकर लिहा, माणसे खोळंबली आहेत."

नदीपारहून उत्तर आले, "ते मोर्सवाले नारो अनंत? आम्ही समजलो, आपण निवर्तलात. भाद्रपदापासून आपला हात ऐकिला नाही." आणि अंमळ थांबून, "राम राम, पंत." आणि त्यांचा नाद आमच्या शेजारून उठला आणि दूर जाऊन बसला, जेणेकरून पंतांस शेवटचा अवकाश मोकळा मिळाला. महाराज म्हणाले, "यात त्यांचा काय डाव असेल?" पंतांनी पडद्यावरून नजर काढिली नाही, म्हणोन त्यांस हे कळले नाही, आणि सिदोजीने महाराजांस बोटाने गप्प राहावयास खुणाविले, आणि महाराज राहिले.

निकाल लागला तो नदीपारचे पहिले आणि आम्ही दुसरे, फरक अगदी थोडा. पंतांची गादी कायम जाहली, शेजारची बैठक सिदोजीस वंशपरंपरा नव्हे परंतु पंतांच्या हयातीपर्यंत दिली, आणि त्याने ती दुसऱ्या कोणास घेऊ दिली नाही. बुरुजाचे दार उघडे राहू लागले. महाराजांच्या मिशा पुन्हा वाढल्या नाहीत. जे घडले ते इतके; ज्यास याहून वेगळे ठाऊक असेल त्याने समोर येऊन, तोंड उघडे ठेवून सांगावे. इति लेखनमर्यादा.